ए-टी, यु-टी, ओ-एन: इंग्रजीतले लहान शब्द अर्थासकट कसे शिकवावेत

सी-ए-टी कॅट, आर-ए-टी रॅट हे पोरं धडाधड म्हणून दाखवतात. त्यांच्यापुढे एम-ए-टी ठेवलं की मात्र गाडी अडते. अक्षरांची नावं पाठ असतात, त्यांचे आवाज कानात बसलेले नसतात. म्हणून शब्द सुटे शिकवू नका, त्यांची भावकी घ्या: शेवट एक, सुरुवात वेगळी.

पहिली भावकी ए-टीची. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर उजवीकडे ए-टी ठळक लिहा. त्याच्या डावीकडे दोन आडव्या चिरा द्या आणि त्यांतून बी, सी, एफ, एच, एम, आर, एस ही अक्षरं एकाखाली एक लिहिलेली कागदी पट्टी ओवा. पट्टी सरकवली की बॅट, कॅट, फॅट, हॅट, मॅट, रॅट, सॅट असे सात शब्द होतात. आधी नुसतं 'ॲट' म्हणवून घ्या, मग पुढचा आवाज जोडा. 'सी-ए-टी' असं अक्षरं मोजत वाचू देऊ नका, वाचनाची चाल तिथेच तुटते. रोज पंधरा मिनिटं आणि एका दिवशी एकच भावकी पुरे. ए-टीनंतर लगेच ई-टी घेऊ नका. मध्ये आय-एन किंवा ओ-टी येऊ द्या, नाहीतर बॅट आणि बेट यांची सरमिसळ होते.

आता अर्थ. कार्डामागे मराठी शब्द लिहिला की काम झालं असं वाटतं, पण सिटच्या मागे 'बस' लिहिलं तर पोरगं यष्टीच समजेल. क्रियेचा शब्द करूनच दाखवा. घरी अहिराणी बोलत असतील तर बिनधास्त सांगा: सिट म्हणजे बठ, रन म्हणजे पय, सन म्हणजे आंडोर, म्हणजे मुलगा. घरच्या बोलीतून अर्थ चटकन पोचतो, प्रमाण मराठीचं वळण मागाहून घेता येतं. वस्तूचा शब्द वस्तू हातात देऊन शिकवा. मॅट म्हणजे चटई, कॉट म्हणजे खाट, पॉट म्हणजे मडकं. हॉट शिकवायला तर भुसावळ-जळगावकडचा मे महिना पुरे.

एका शब्दाला दोन अर्थ असतील तर दोन्ही वाक्यात घालून द्या. कॅन म्हणजे दुधाची कॅन, आणि 'आय कॅन रन' मध्ये तोच शब्द 'मला पळता येतं' असं सांगतो. बॅट खेळायची असते, संध्याकाळी उडणारं वटवाघूळही बॅटच. नट बोल्टावर बसतो, आणि बदामही नटच. सुटा शब्द विचारून पाठांतर घेतलं तर पोराला यातला एकच अर्थ कळतो.

खरी अडचण भावकीत न बसणाऱ्या शब्दांची आहे. बट, कट, नट, हट म्हटल्यावर पोर पी-यु-टी 'पट' वाचणारच. त्यात त्याची चूक नाही. पूर्वी या सगळ्या शब्दांत 'उ' होता. सतराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण इंग्लंडात तो बहुतेक ठिकाणी 'अ'कडे वळला, पण पी, बी, एफ नंतरच्या काही शब्दांत तसाच राहिला: पुट, पुश, पुल, बुल, फुल. नियम म्हणून मात्र हे सांगू नका, कारण बस, बन, फन लगेच आडवे येतात. पुटवाले पाच शब्द वेगळ्या रंगाच्या कार्डावर लिहा आणि तसेच पाठ करून घ्या.

ओ-एनचंही तसंच. ऑन ठीक आहे, पण सन, वन, टन यांत ओ असून आवाज 'अ' निघतो. हाताने पोथ्या लिहीत त्या काळी यु, एम, एन, व्ही यांच्या उभ्या रेघा एकमेकींत मिसळायच्या, म्हणून लेखनिक यु ऐवजी ओ लिहू लागले. कम, सम, लव्ह यांतला ओ त्यातलाच. डब्ल्यूनंतर ए आला की बहुधा 'ऑ' होतो: वॉझ, वॉश, वॉर. वॅग आणि वॅक्स तेवढे बाजूला ठेवा.

आपल्याकडची पोरं दोन जागी हमखास घसरतात. एक, पॅन-पेन, बॅड-बेड, मॅन-मेन. हनुवटीखाली हात धरून दोन्ही शब्द म्हणायला लावा. पॅनला जबडा स्पष्ट खाली जातो, पेनला फारसा हलत नाही. दुसरी जागा शिप-शीप, सिट-सीट. मराठीत बोलताना इ आखूड की लांब यावर सहसा अर्थ अडत नाही, म्हणून कानाला फरकच जाणवत नाही. इंग्रजीत मात्र पहिलं जहाज, दुसरी मेंढी. इथे आधी ऐकून चित्र दाखवायला सांगा, बोलायला नंतर लावा.

या भावक्या पक्क्या झाल्या की शेवटी ई लावून बघा. कॅनचं केन होतं, म्हणजे वेताची छडी किंवा ऊस. किटचं काइट, म्हणजे पतंग. कटचं क्यूट, हॉपचं होप. शेवटचा ई स्वतः बोलत नाही, मधल्या स्वराला त्याच्या नावाने बोलायला लावतो. हॅव, गिव्ह यांना हे लागू नाही, कारण इंग्रजी शब्द सहसा व्हीवर संपत नाही, म्हणून तिथे ई नुसता टेकू आहे.

भूतकाळही याच शब्दांवर शिकवता येतो. सिट-सॅट, रन-रॅन, डिग-डग, विन-वन यांत मधला स्वर बदलतो. कट, पुट, हिट बदलत नाहीत, त्यामुळे इथे वाक्य नीट पाहावं लागतं. 'शी कट्स' असेल तर ती रोज कापते, नुसतं 'शी कट' असेल तर कापून झालं. ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहा आणि काल कोणतं, रोजचं कोणतं, एवढंच विचारा.