/डेव्ह/नल वर रूटलाही ‘परमिशन डिनाइड’: माझा अनुभव

फोंड्यातल्या आमच्या वाचनालयाच्या जुन्या संगणकासाठी मी बाहेरच्या डिस्कवर क्रूटमध्ये (डिस्कवरच्या एका फोल्डरलाच मूळ फोल्डर मानून चालणाऱ्या वातावरणात) लिनक्स बसवत होतो. एमकेनॉडने (डिव्हाइस फाईल बनवणाऱ्या आदेशाने) /डेव्ह/नल, म्हणजे लिहिलेलं सगळं गिळून टाकणारी खास फाईल, विनातक्रार तयार व्हायची, पण तिच्यात काहीही लिहायला गेलं की ‘परमिशन डिनाइड’, तेही रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) असताना!

सीएचमॉड ६६६ केलं (सगळ्यांना वाचायची-लिहायची परवानगी दिली), फाईल पुसून पुन्हा बनवली, मालक तपासला. एलएस -एल मध्ये सगळं बरोबर: सुरुवातीला सी (कॅरेक्टर डिव्हाइसची खूण), आणि नलचे ठरलेले डिव्हाइस क्रमांक १, ३. चवथीआधीचे दोन दिवस यातच गेले, फार मनस्ताप झाला.

दोष फाईलचा नव्हताच. डेस्कटॉप बाहेरची डिस्क आपोआप जोडतो, तेव्हा सुरक्षेसाठी ‘नोडेव्ह’ (या डिस्कवरच्या डिव्हाइस फाइली चालू देऊ नका) हा पर्याय लावतो. मग तिथली डिव्हाइस फाईल दिसते, पण कर्नल (लिनक्सचा गाभा) ती उघडू देत नाही.

आधी फाइंडमाउंट या आदेशाने डिस्क कोणत्या पर्यायांसह जोडली आहे ते पाहा. नोडेव्ह दिसलं तर क्रूटबाहेरून, रूट म्हणून, माउंट -ओ रीमाउंट,डेव्ह आणि पुढे डिस्क जिथे जोडली आहे ती जागा, असा आदेश द्या. मग आरएम -एफ ने क्रूटमधली जुनी नल काढा (मुख्य यंत्रणेतली नव्हे, मार्ग दोनदा वाचा) आणि लगेच एमकेनॉड -एम ६६६, नलचा मार्ग, सी १ ३. लगेच अशासाठी, की मधे एखाद्या स्क्रिप्टने तिकडे आउटपुट वळवलं तर त्या जागी साधी फाईल बनते आणि एमकेनॉड ‘फाईल आधीच आहे’ म्हणून अडतं. -एम विसरलात तर नेहमीच्या उमास्क ०२२ (नव्या फाइलीच्या परवानग्या कमी करणारी सेटिंग) मुळे ६४४ मिळतं आणि रूटखेरीज कुणाला लिहिता येत नाही. /डेव्ह/मधल्या इतर खास फाइलीही अशाच बनवा: झीरोसाठी (शून्यं देणारी) सी १ ५, यूरँडमसाठी (यादृच्छिक बाइट देणारी) सी १ ९.

एमकेफिफोने बनवलेल्या नामांकित पाइपांना (दोन प्रोग्रामांत माहिती पोचवणाऱ्या खास फाइलींना) मात्र नोडेव्हची अडचण येत नाही.