कॅम्परव्हॅन की रेल्वे? आधी नकाशा उघडा

परदेशी सुटीत कॅम्परव्हॅन (आत झोपण्या-रांधण्याची सोय असलेली गाडी) घ्यावी की रेल्वेने फिरावं, हे ठरवताना भाड्याचे आकडे नंतर बघा. आधी त्या देशाचा रेल्वेचा नकाशा उघडा आणि तुम्हाला बघायच्या चार-पाच जागांना प्रवासी गाडी जाते का ते तपासा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

न्यूझीलंडचं दक्षिण बेट घ्या. क्राइस्टचर्चहून ग्रेमाउथला ट्रान्झअल्पाइन ही रेल्वेगाडी जाते, पिक्टनला कोस्टल पॅसिफिक. पण क्वीन्सटाउन किंवा मिलफर्ड साउंडला रेल्वेने पोचताच येत नाही. क्राइस्टचर्चहून दक्षिणेला जाणारी ‘सदर्नर’ गाडी २००२ मध्येच बंद झाली. इथे कॅम्परव्हॅनच घ्यावी. वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूने चालते आणि इंग्रजीत छापलेला भारतीय परवाना चालतो.

खर्च मांडताना भाड्यात विमा, डिझेल आणि वीजजोडणी असलेल्या मुक्कामाच्या तळाचं रोजचं भाडं मिळवा. डिझेल गाडीवर किलोमीटरमागे रस्ताकर लागतो, तोच बहुतेकांच्या हिशोबातून सुटतो.

गाडी ताब्यात घेताना स्वयंपाकाच्या गॅसची टाकी भरलेली आहे का बघा. काचेवर ‘सेल्फ-कंटेन्ड’चं (गाडीत स्वतःचं टॉयलेट आणि सांडपाण्याची टाकी असल्याचं) कार्ड आहे का हेही बघा, त्याशिवाय बऱ्याच मोफत तळांवर मुक्काम करता येत नाही. बॅटरीवर दिवे आणि पाण्याचा पंप चालतो, मायक्रोवेव्हला मात्र वीजजोडणी हवीच. टॉयलेटची कॅसेट (काढता येणारी टाकी) आणि सांडपाण्याची टाकी दर दोन दिवसांनी डंप स्टेशनवर, म्हणजे त्यासाठी ठेवलेल्या जागी, रिकामी करा, नाहीतर आतला वास सहन होत नाही. एकपदरी पुलाच्या पाटीवर लहान लाल बाण तुमच्या दिशेचा असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्या. ‘ते अनाऊ’ या गावापासून मिलफर्ड सुमारे १२० किलोमीटर आहे, म्हणून डिझेल ‘ते अनाऊ’लाच भरून घ्या. दिवसाला २५० किलोमीटरच्या पुढे जाऊ नका; वळणांच्या रस्त्यावर मोठी गाडी नकाशातल्या वेळेत पोचत नाही. व्हॅनमध्ये रांधायला मसाले, लोणचं नेणार असाल तर विमानतळाच्या फॉर्मवर लिहा. लिहिलं नाही तर जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होऊ शकतो.

स्वित्झर्लंडचं उलट आहे. झेरमाटला खासगी मोटार नेताच येत नाही, ती खाली टॅशला सोडावी लागते. वेंगेन आणि म्युरेन ही गावंही मोटारींविना आहेत. तिथे रेल्वेच घ्यावी. रेल्वे, बस आणि बोटींवर चालणारा स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो, आणि आईवडिलांसोबत १६ वर्षांखालच्या मुलांना फॅमिली कार्ड फुकट मिळतं, म्हणजे त्यांचं तिकीट लागत नाही. डोंगरावरच्या युंगफ्राउयोख स्टेशनापर्यंतचा सगळा प्रवास मात्र पासमध्ये येत नाही, वरच्या टप्प्याला फक्त सवलत असते. ग्लेशियर एक्सप्रेस या पर्यटक गाडीचं आसन वेगळं आरक्षित करावं लागतं.

माणशी एकच बॅग न्या, कारण गाडी बदलायला कधी पाच-सहा मिनिटंच हातात असतात. इंटरलाकेन ओस्टहून निघणारी गाडी त्स्वायल्यूचिनेनला दुभंगते: एक भाग ग्रिंडेलवाल्डला जातो, दुसरा लाउटरब्रुनेनला. बसण्याआधी डब्यावरची पाटी वाचा.