दोन बाटल्या, हिराकस आणि चुना: हवेत ऑक्सिजन उशिरा का साचला ते वर्गात दाखवा

सायनोबॅक्टेरियांनी, म्हणजे आपण ज्यांना निळं-हिरवं शेवाळ म्हणतो त्यांनी, ऑक्सिजन सोडला आणि हवा बदलली, एवढंच मुलांना सांगितलं जातं. कळीचा भाग राहूनच जातो. हवेत ऑक्सिजन टिकू लागला तो साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी, पण तो तयार होणं त्याच्या बरंच आधी सुरू झालं होतं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मग मधल्या काळात तो गेला कुठे? ज्वालामुखीच्या वायूंनी काही खाल्ला, आणि समुद्रात विरघळलेल्या लोखंडाने भरपूर गिळला. ते गिळणं डोळ्यांनी बघता येतं.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. केळीला देतात म्हणून रावेर-यावलकडे कुठल्याही कृषी केंद्रात मिळेल. खडे हिरवट हवेत. पिवळे-तपकिरी पडले असतील तर त्यातलं लोखंड आधीच गंजलेलं आहे, ते घेऊ नका. मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्याची पुडीही चालत नाही. पानाचा चुना ओला हवा. वाळून खडा झालेला निकामी.

अर्ध्या लिटरच्या दोन पातळ प्लास्टिक बाटल्या घ्या. पहिलीत ८ ग्रॅम हिराकस, दुसरीत फक्त २ ग्रॅम. दोन्हींत १०० मिलि पाणी घालून खडे विरघळवा. मग एकेक चमचा चुना ५० मिलि पाण्यात कालवून ओता आणि लगेच झाकण घट्ट लावा. पाणी गढूळ हिरवं होईल. दहा-पंधरा मिनिटं जोरात हलवा, मग अर्धा तास सावलीत ठेवा. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून चष्मा लावा. हिराकसाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत.

पहिली बाटली चांगलीच चेपते. आत साधारण ३५० मिलि हवा होती, तिचा पाचवा हिस्सा, म्हणजे सत्तरेक मिलि ऑक्सिजन, लोखंडाने ओढून घेतला. तरी आतला साका हिरवट-काळाच राहतो: लोखंड उरलं, ऑक्सिजन संपला. ऑक्सिजन साचण्यापूर्वीचा समुद्र असाच होता. दुसरी थोडीच चेपते आणि साका तांबूस होतो: लोखंड संपलं, ऑक्सिजन उरला. २४० कोटी वर्षांपूर्वी पारडं फिरलं ते असं. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवा आणि मुलांना फरक स्वतः सांगू द्या.

बाटली चेपलीच नाही तर आधी झाकण तपासा. चुन्याऐवजी धुण्याचा सोडा वापरला असेल तर दोष त्याचा: त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ऑक्सिजनची रिकामी जागा भरून काढतो. एप्रिल-मेच्या दुपारी जळगावात हा प्रयोग उन्हात करू नका, आतली हवा फुगते. पाणवनस्पती ऑक्सिजनचे बुडबुडे सोडते हे दाखवतानाही पाणी तापू देऊ नका: तापलं की विरघळलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि मुलं तिलाच ऑक्सिजन समजतात. शेजारी वनस्पती नसलेला एक पेला ठेवा. उकळून गार केलेलं पाणी नको, त्यात वनस्पतीला लागणारा कार्बन डायऑक्साइड राहत नाही. चिमूटभर खायचा सोडा घाला.

त्या काळी समुद्राच्या तळाशी साचलेल्या अशा गंजाचा खडक खानदेशात शोधू नका. इथला काळा पाषाण जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा, त्या मानाने कालचाच. गडचिरोलीत सूरजागडला मात्र लोखंडाचे पट्टे असलेला फार जुना खडक आहे.

पुढे ऑक्सिजनपासून वरच्या हवेत ओझोन तयार झाला, अतिनील किरणांचा मारा कमी झाला. पण ज्या सूक्ष्मजीवांना ऑक्सिजन विषासारखा होता, ते चिखलात, गाळात, आतड्यांत सरकले. गावातला गोबर गॅस त्यांच्याच जिवावर चालतो. टाकीत हवा शिरू लागली की गॅस घटतो, याचं कारण हेच.