आडनावावरून नोंदी शोधताना

इतिहासाच्या संशोधनात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला पहिले काम बहुधा सूची करण्याचे येते. माझ्याही वाट्याला तेच आले. राजवाडे आडनावाच्या अभ्यासकांचे जेवढे लेखन सापडेल तेवढे एकत्र करून त्याची सूची करायला माझ्या मार्गदर्शकांनी सांगितले होते. संगणकावर आडनाव घातले की निम्मे काम झाले, या समजुतीने मी पंधरा दिवसांत मिळतील तेवढ्या नोंदी उतरवल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी पहिलेच पान वाचले, एका ओळीसमोर पेन्सिलीने टिंब काढले आणि विचारले, "इतिहासाचार्य कधी वारले?"

ती ओळ यास्काच्या निरुक्ताची, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथाची, होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९४० मध्ये काढलेल्या या इंग्रजी आवृत्तीवर संपादकाचे नाव 'व्ही. के.' राजवाडे असे आहे. मी ती आवृत्ती 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करणाऱ्या इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या नावावर टाकली होती आणि ते तर १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले होते. निरुक्ताचे संपादक म्हणजे त्यांचे बंधू वैजनाथ काशिनाथ. वडील एक, आडनाव एक, आणि विश्वनाथ व वैजनाथ या दोन्ही नावांचे रोमन आद्याक्षरही एकच. मराठीत 'वि. का.' आणि 'वै. का.' असा निदान वेलांटी-मात्रेचा भेद उरतो. रोमन लिपीत तोही पुसला जातो.

ही चूक केवळ तारीख पाहून टळली असती असे तेव्हा मला वाटले, पण ते पूर्ण खरे नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर पुस्तक निघू शकते. इतिहासाचार्यांचा मराठी धातुकोश त्यांच्या पश्चातच छापला गेला. विषयावरूनही निकाल लागत नाही. एक बंधू इतिहासाचे आणि दुसरे संस्कृताचे अशी वाटणी करावी, तर इतिहासाचार्यांनी ज्ञानेश्वरीचे संपादन केले आहे आणि व्याकरण व व्युत्पत्ती यांवरही विपुल लिहिले आहे. त्याच आडनावाखाली चिंतामण वैजनाथ राजवाडे हे पालीचे अभ्यासक भेटतात आणि शंकर रामचंद्र, म्हणजे अहिताग्नी राजवाडे, हेही भेटतात. 'चिंतामण वैजनाथ' असे नाव दिसले की नाते जुळवून मोकळे होण्याचा मोह होतो. मधले नाव हा नात्याचा धागा जरूर आहे, पण वैजनाथ नावाचा माणूस एकच असतो असे नाही. म्हणून नात्याचा पुरावा चरित्रात, प्रस्तावनेत किंवा कुलवृत्तान्तात वेगळा शोधावा लागतो. त्यानंतर मी प्रत्येक पुस्तक प्रत्यक्ष मागवून त्याचे मुखपृष्ठ आणि प्रस्तावना पाहिली, आणि लेखकाचे पूर्ण नाव, हुद्दा, राहण्याचे गाव व प्रस्तावनेखालची तारीख अशा चार गोष्टी उतरवल्या. पंधरा दिवसांच्या कामाला चार महिने लागले, आणि ते लागायलाच हवे होते.

याच्या उलट प्रसंगही येतो. एकाच व्यक्तीचे लेखन दोन आडनावांखाली विखुरलेले असते आणि स्त्री-अभ्यासकांच्या बाबतीत तर हे फारच घडते. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचे शोधनिबंध शोधताना केवळ 'सोहोनी' घातले, तर त्यांचे केंब्रिजमधले महत्त्वाचे काम हाती लागत नाही, कारण वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरावरचा (एन्झाइमवरचा), रॉबिन हिल यांच्यासह १९३९ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला निबंध त्यांच्या माहेरच्या आडनावाने छापलेला आहे. त्यातही 'भागवत' हे आडनाव तेथे शेवटून दुसऱ्या अक्षरासाठी 'डब्ल्यू' न वापरता 'व्ही' वापरून लिहिलेले आहे. त्यांच्या भगिनी दुर्गा भागवत यांच्या पुस्तकांवरून ओळखीचे झालेले रोमन रूप घालणाऱ्याच्या हातून तो निसटू शकतो. स्त्री-अभ्यासकांविषयी सूची करणाऱ्याने विवाहापूर्वीचे आडनाव शोधणे हे कामाचा पहिला टप्पा मानावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्या आळसामुळे कोणाचेही आयुष्यभराचे काम अर्धे दिसू नये.

ग्रंथालयातून पुराभिलेखागारात गेल्यावर मात्र अडचणीचे स्वरूपच बदलते. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, उघडून एखादे मोडी पत्र वाचायला घेतले, की ज्या आडनावासाठी आपण आलो ते आडनाव त्या पत्रात नसते. त्या काळच्या व्यवहारात माणसाची ओळख त्याचे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि हुद्दा किंवा गाव यांनी होत असे. नाना फडणीसांचे आडनाव भानू, पण कागदोपत्री ते 'बाळाजी जनार्दन' असतात. हरिपंत फडके हे 'हरी बल्लाळ' असतात आणि पेशव्यांचे 'भट' हे आडनाव तर त्यांच्या राज्यकारभाराच्या कागदांत शोधूनही क्वचितच सापडते. 'बल्लाळ' हे आडनाव नसून बाळाजीचा मुलगा हे सांगणारे रूप आहे, हे न कळल्यामुळे मी सुरुवातीला बल्लाळ नावाचे एक स्वतंत्र घराणेच माझ्या टिपणवहीत उभे केले होते.

येथे नवख्याला सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत. नानांचे आजोबा बाळाजी महादेव, वडील जनार्दन बल्लाळ आणि नाना स्वतः बाळाजी जनार्दन. आजोबा १७१९ मध्ये दिल्लीत मारले गेले आणि नाना १७४२ मध्ये जन्मले, म्हणून या दोन बाळाजींत गल्लत होण्याचे कारण नाही. पण कमी प्रसिद्ध घराण्यात, जेथे पत्रात नुसते 'बाळाजीपंत' लिहिलेले असते, तेथे दोन पिढ्या सहज एक होतात. अशा वेळी पत्रातली कालगणना वाचता आली नाही तर सगळेच अडते. 'सलास सबैन मया व अलफ' हे शब्द वाचून मी प्रथम गोंधळलो होतो. हे अरबी अंक एककापासून मांडलेले असतात: तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली एक कालगणना) ११७३, त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७२ येते, आणि हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे पत्र पुढच्या जानेवारी ते मे या महिन्यांतले असेल तर १७७३ धरावे लागते. एवढा हिशेब पाठ होईपर्यंत कोणत्याही नावाची पिढी ठरवू नये.

मोडीचा स्वतःचाही एक त्रास आहे. ओळ आधी आखलेली, अक्षरे तिला लोंबती, शब्दांत अंतर नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. त्यामुळे आडनाव कोठे सुरू झाले आणि कोठे संपले हे ठरवायलाच संदर्भ लागतो. ज्याला हे काम मनापासून करायचे आहे त्याने संगणकावरच्या शोधाआधी मोडी शिकावी. छापील खंडांची नामसूची उपयोगी पडते, पण एकाच माणसाची नोंद एका खंडात आडनावाखाली आणि दुसऱ्यात पहिल्या नावाखाली असू शकते, याचे भान ठेवावे. इंग्रजी दप्तरांत तर शिंदे हे 'सिंदिया' होतात आणि गायकवाड यांची तीन-चार रूपे सापडतात. सर्व रूपे आधी कागदावर लिहून मगच शोधाला बसावे.

आडनाव सारखे म्हणजे रक्त सारखे, ही समजूत आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या मनात असते. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, चिटणीस ही मुळात वतनाची किंवा हुद्द्याची नावे आहेत. दोन गावांचे दोन कुलकर्णी एका घराण्याचे असण्याचे काहीच कारण नाही. गोव्यात धर्मांतराच्या वेळी पाद्री किंवा धर्मपिता यांचे पोर्तुगीज आडनाव घेण्याची पद्धत होती, त्यामुळे तेथेही एका आडनावाची असंख्य कुटुंबे परस्परांशी असंबद्ध आहेत. नात्याचा खरा शोध घ्यायचा असेल तर इनाम कमिशनपुढे (इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजी अमलातल्या मंडळापुढे) दाखल झालेल्या कैफियती आणि वंशावळी पाहाव्यात. त्यांत मूळ पुरुषापासूनची नावे, मूळ गाव आणि इनामाचा तपशील एकत्र मिळतो. मात्र ती वंशावळ हक्क सिद्ध करण्यासाठी लिहिलेली असते, हे विसरू नये. वाटा मागू शकणारी शाखा वगळलेली असू शकते, दत्तकाला औरस दाखवलेले असू शकते. म्हणून तिच्यातले प्रत्येक नाव एखाद्या सनदेत किंवा महजरात (सभेसमोर झालेल्या निवाड्याच्या लेखात) पुन्हा भेटेपर्यंत मी ते पेन्सिलीनेच लिहितो.

आज माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आडनावाची वही करू देत नाही. प्रत्येक माणसाला एक कार्ड, वर त्याचे व वडिलांचे नाव, खाली गाव, हुद्दा, पहिली व शेवटची तारीख आणि प्रत्येक माहितीपुढे ती कोणत्या कागदातून आली याचा उल्लेख, अशी मांडणी मी त्यांच्याकडून करवून घेतो. दोन कार्डे एकाच माणसाची वाटली तरी ती लगेच एक करायची नाहीत. टाचणीने जोडून ठेवायची आणि जोडण्याचे कारण मागे लिहायचे. राजवाड्यांच्या सूचीतली अशी तीन कार्डे अजून टाचणीनेच जोडलेली आहेत.