गाव दत्तक घेताना : महाविद्यालयांनी टाळाव्यात अशा चुका

उच्च शिक्षणसंस्थांना खेड्यांशी जोडणारे केंद्र सरकारचे उन्नत भारत अभियान 2014 मध्ये सुरू झाले आणि पुढे त्यात उतरणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान पाच गावे निवडावीत असे ठरले. राष्ट्रीय सेवा योजना तर त्याहून कितीतरी जुनी, 1969 सालची. त्यामुळे गोव्यात महाविद्यालय आणि गाव यांची गाठ पडणे ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. 'दत्तक गाव' हा शब्द मात्र मला आजही खटकतो, कारण ज्या गावची गावकारी, म्हणजे सामाईक जमीन सांभाळणारी गावसंस्था, पोर्तुगीज येण्याआधीपासून चालत आली, त्याला चाळीस-पन्नास वर्षांच्या महाविद्यालयाने दत्तक घ्यायचे म्हणजे जरा उलटेच झाले. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक आमच्याच हातून झालेल्या आहेत.

'तुमच्या नावावर जमीन किती?'

सत्तरी तालुक्यातल्या एका गावात आमचे विद्यार्थी घरोघर सर्वेक्षण करत होते. एका घरात सोप्यावर बसलेल्या आजोबांना विद्यार्थिनीने वरचा प्रश्न विचारला. 'नांवार कांयच ना,' असे उत्तर आले आणि तिने 'भूमिहीन' या चौकटीत खूण केली. घरामागे काजूची डोंगरी होती, खाली ओहोळाकाठी भाताची शेते होती आणि ती सगळी याच घरातली माणसे तीन पिढ्या कसत होती. असे एकच घर नव्हते. अहवाल तयार झाला तेव्हा गाव मोठ्या प्रमाणावर भूमिहीन निघाले आणि त्या आधारावर आम्ही शिवणकामाचा वर्ग सुचवला. वर्गाला दुसऱ्या आठवड्यापासून कोणी आले नाही.

गोव्यात 'मालक कोण' आणि 'कसतो कोण' हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत. जमीन कोमुनिदादीची (म्हणजे जुन्या गावकारीची) असेल, देवस्थानची असेल, भाटकाराची म्हणजे जमीनदाराची असेल. सत्तरीत ती मोकाशाची (इनामदाराची) किंवा आल्वारा (पोर्तुगीज सरकारने लागवडीसाठी दिलेली) असेल. कुळांसाठी 1964 चा कायदा आहे, मुंडकारांसाठी, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठी, 1975 चा आहे, पण कायदा असणे आणि उताऱ्यावर नाव चढणे यांच्यामध्ये कित्येक घरांची हयात गेली आहे. म्हणून मालकीचा प्रश्न विचारायचाच असेल तर तो फोडून विचारावा : जमीन कसतो कोण, पीक घरी कोण नेतो, एक-चौदाच्या (जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे, आणि नवे झाड लावायला किंवा विहीर खणायला कोणाला विचारावे लागते. शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगाचा आहे, कारण ज्याला झाड लावण्याचा हक्क नाही त्याला फळबागेची योजना समजावून सांगण्यात दोघांचाही वेळ जातो. एक सावधगिरी मात्र हवीच. अशी उत्तरे नावानिशी छापू नयेत. दावे चालू असतात आणि विद्यार्थ्याने लिहिलेले एक वाक्य उद्या कोणाच्या तरी विरोधात वापरले जाऊ शकते.

याच प्रश्नावलीत आणखी एक दोष होता. ती इंग्रजीत होती. या भागातली माणसे बोलतात कोकणी आणि वाचतात मराठी, त्यामुळे प्रत्येक विद्यार्थी दारात उभ्या उभ्या आपल्या परीने भाषांतर करत होता. शेतजमिनीबद्दलचा प्रश्न एकाने 'शेत किती?' असा विचारला, दुसऱ्याने 'भाट किती?' असा. गोव्यात शेत म्हणजे भाताचे, भाट म्हणजे माड-काजूचे, आणि पोफळी, केळी, मिरी असलेले कुळागर त्याहून निराळे. दोन वाड्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात तेव्हा गोंधळ लक्षात आला. प्रश्नावली मराठीत छापावी आणि गावात पाऊल टाकण्याआधी प्रत्येक प्रश्न कोकणीत कसा विचारायचा याची तालीम करून घ्यावी.

सत्राचे वेळापत्रक आणि गावाचे वेळापत्रक

महाविद्यालयाला एप्रिल मोकळा सापडतो, कारण अभ्यासक्रम संपत आलेला असतो. गावात त्याच वेळी काजूचा हंगाम ऐन भरात असतो. माणसे उजाडायच्या आत डोंगरीवर जातात, दुपारी काजूचे बोंडू मळायचे असतात, संध्याकाळी दारू गाळायची भाटी पेटलेली असते. सकाळी दहाला बसमधून उतरलेल्या विद्यार्थ्यांना घरी फक्त म्हातारी माणसे आणि लहान मुले भेटतात आणि मग अहवालात 'ग्रामस्थांचा अल्प प्रतिसाद' असे लिहिले जाते. जूनमध्ये मिरग लागला की सरद म्हणजे पावसाळी भाताची धांदल, मग गणेशाची चवथ, नोव्हेंबरमध्ये कापणी संपते न संपते तोच वायंगणीची (हिवाळी भाताची) तयारी आणि त्यातच जत्रा व काले. सात दिवसांचे शिबिर कुठे बसवायचे हे गावालाच विचारावे. महाविद्यालयाने दोन तारखा पुढे करून त्यांतली एक निवडायला सांगणे म्हणजे विचारणे नव्हे.

माती परीक्षणाचेही असेच होते. गोव्याच्या जांभ्याच्या मातीत आम्लता असते, त्यामुळे चुना किती घालावा हे शेतकऱ्याला पेरणीआधी कळायला हवे. आमचे अहवाल ऑगस्टमध्ये पोचले. त्यांत सामूचा आकडा होता, पण चुन्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

दुरुस्ती चुकीच्या जागी

खाजन जमिनींच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या शेतांच्या, बाबतीत ही चूक फार महाग पडते. बांधातली मानस ही मुळात साधी आणि हुशार रचना आहे : भरतीचे पाणी चढले की तिची लाकडी दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. नदीकाठच्या एका गावात शेते खारावली म्हणून आमच्या ओळखीच्या एका अभियांत्रिकी गटाने बांधाची मोजमापे घेतली, नवी दारे आखली, सुंदर नकाशे केले. दारांत दोष नव्हताच. मानशीवरच्या मासळीची पावणी म्हणजे लिलाव होतो. पावणी घेणाऱ्याला आत मासळी हवी असते, म्हणून भरतीच्या वेळी दारे मुद्दाम उघडी ठेवली जात होती आणि खारे पाणी शेतात शिरत होते. भात पिकवणारे आणि पावणी घेणारे यांच्यातला हा तंटा कितीही चांगल्या लाकडाने मिटला नसता. अशा ठिकाणी आधी कूळ संघाचे (शेते कसणाऱ्या कुळांच्या संस्थेचे) पदाधिकारी, पावणीदार आणि शेते कसणारे यांना वेगवेगळे भेटावे, मग एकत्र बसवावे. पावणीच्या अटी वाचाव्यात आणि दारे कोण, कधी, कोणाच्या सांगण्यावरून उघडतो हे भरती-ओहोटी धरून पंधरा दिवस स्वतः पाहावे. नकाशा काढण्याची वेळ त्यानंतरची.

आधीच बिघडलेले असेल तर

गावाने प्रतिसाद देणे थांबवले असेल, तर बहुधा दोनांपैकी एक कारण असते. गावाकडून माहिती नेली आणि परत काही आणले नाही, हे पहिले. विशेषतः वनौषधी, गावठी बियाणे यांची माहिती घेऊन शोधनिबंध लिहिले जातात आणि सांगणाऱ्याचे नावही येत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 41 नुसार स्थापन होणारी जैवविविधता व्यवस्थापन समिती पंचायतीत असते; अशी माहिती गोळा करण्याआधी तिच्याकडे जावे, नोंदी लोकजैवविविधता नोंदवहीत जाव्यात आणि निबंधाचा मराठी सारांश समितीच्या दप्तरी ठेवावा.

दुसरे कारण म्हणजे सगळा व्यवहार एकट्या सरपंचांशी झालेला असतो. ग्रामसभा सहसा रविवारी भरते आणि रविवारी महाविद्यालयाला सुट्टी असते, त्यामुळे आमच्यापैकी फार थोड्या प्राध्यापकांनी ग्रामसभा पाहिलेली आहे. तुटलेला संबंध जोडायचा असेल तर जुना अहवाल घेऊन तिथेच जावे, काय राहून गेले ते सांगावे आणि ऐकून घ्यावे. पहिल्या वेळी बहुतेक ऐकूनच घ्यावे लागते. पंप, दिवे किंवा खतखड्डा यांच्या देखभालीचा खर्च पंचायतीच्या विकास आराखड्यात घालायचा असेल तर तो विषयही तिथूनच पुढे जातो. विद्यार्थी तीन वर्षांनी निघून जातात, म्हणून चावी कोणाकडे आणि बिघाड झाल्यास कोणाला सांगायचे हे वाड्यावरच्या दोन माणसांच्या नावाने लिहून ठेवलेले बरे.

आम्ही त्या गावात दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नवी प्रश्नावली घेऊन गेलो. त्याच सोप्यावर तेच आजोबा होते. 'जमीन कसता कोण?' असे विचारताच त्यांनी उत्तर न देता चपला घातल्या आणि विद्यार्थिनीला डोंगरीवर नेले. कोणते कलम कोणी बांधले, कुठपर्यंत आपले आणि कुठून शेजाऱ्याचे, हे दाखवता दाखवता दुपार झाली. त्या दिवशी ठरलेल्या दहा घरांपैकी तीनच झाली.