दीर्घकाळ चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी भाषा निवडताना आणि सांभाळताना या चुका टाळा

पंधरा-वीस वर्षं टिकवायच्या सॉफ्टवेअरची भाषा ठरवताना चर्चा रंगते ती वेगावर आणि सोयीवर. आजचा कोड दहा वर्षांनंतरच्या कंपायलरवर (कोडचं यंत्राला चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणारं साधन) हात न लावता चालेल का, हे क्वचितच कोणी विचारतं. देखभालीचा खर्च मात्र तिथेच वाढतो.

सुसंगततेचं धोरण न वाचणं

गो या भाषेने २०१२ मध्ये पहिल्या आवृत्तीबरोबरच लेखी हमी दिली की त्या आवृत्तीचा कोड पुढच्या सगळ्या १.x आवृत्त्यांतही चालेल. रस्ट भाषेत जुन्या एडिशनचा (दर काही वर्षांनी निघणारा भाषेच्या नियमांचा संच) कोड नव्या कंपायलरवर बांधता येतो आणि नव्या एडिशनच्या कोडला जोडताही येतो. पायथन दरवर्षी नवी आवृत्ती काढतं, प्रत्येकीला साधारण पाच वर्षं आधार देतं आणि जुनी मॉड्यूल्स काढूनही टाकतं, ३.१२ मध्ये पॅकेजं बांधायचं डिस्टयुटिल्स गेलं. म्हणून पायथन घेऊच नये असं नाही, पण दरवर्षी थोडं काम धरूनच ते घ्यावं. हमीची परीक्षा सोपी आहे: त्या भाषेतला सात-आठ वर्षं जुना, मध्यम आकाराचा प्रकल्प आजच्या कंपायलरवर बांधा आणि किती ठिकाणी दुरुस्ती लागते ते मोजा.

एरर आली नाही म्हणजे स्थलांतर झालं, असं मानणं

पायथन २ मध्ये ७ भागिले २ चं उत्तर ३ येतं, पायथन ३ मध्ये ३.५. प्रोग्रॅम थांबत नाही, फक्त आकडे बदलतात. अशा जुन्या कोडमध्ये आधी पायथन २ वरच प्रत्येक फाइलीत फ्यूचर मॉड्यूलमधून डिव्हिजन आयात करा (from __future__ import division), पूर्णांक भागाकार हवा तिथे दुहेरी तिरकी रेघ घाला, टेस्ट चालवा, आणि मगच आवृत्ती बदला. दोन्ही बदल एकदम केले तर चूक कुठली ते सापडत नाही.

"चालतंय ना" म्हणून नियमाबाहेरचा कोड ठेवणं

सीमधला बराच जुना कोड इथेच अडकतो. लक्षण ठरलेलं: डीबग बिल्ड (चुका शोधण्यासाठी बांधलेला प्रोग्रॅम) नीट चालतो, ऑप्टिमायझेशन (वेग वाढवण्यासाठी कंपायलरने केलेले बदल) लावलं की बिघडतो. नमुना बघा. चिन्हासहित पूर्णांकात १०० मिळवून बेरीज मूळ संख्येपेक्षा लहान झाली का, अशी ओव्हरफ्लोची (संख्या प्रकाराच्या मर्यादेबाहेर जाण्याची) तपासणी अनेकांनी लिहिलेली असते. पण असा ओव्हरफ्लो होणारच नाही असं धरायची मुभा सीचं स्टँडर्ड, म्हणजे भाषेचे अधिकृत नियम, कंपायलरला देतं, त्यामुळे तो ती तपासणीच उडवून टाकतो. बेरजेआधीच तपासा: संख्या कमाल मर्यादा वजा १०० पेक्षा मोठी आहे का? सगळ्या जागा सापडेपर्यंत जीसीसी किंवा क्लँग या सी कंपायलरांचा रॅप-व्ही फ्लॅग (-fwrapv, ओव्हरफ्लोला ठरलेलं वर्तन देणारा) लावून ठेवता येतो, आणि त्या शोधायला, हा फ्लॅग न लावलेल्या वेगळ्या बिल्डवर, अनडिफाइंड बिहेवियर सॅनिटायझर (नियमाबाहेरचं वर्तन चालताना पकडणारं साधन) लावून टेस्ट चालवाव्यात.

दुसरा नमुना हेडर (फंक्शनच्या घोषणांची फाइल) न जोडता वापरलेल्या फंक्शनचा. जीसीसी १४ पासून ही डिफॉल्टनेच एरर आहे. फ्लॅग देऊन ती दाबू नका. घोषणा नसली की कंपायलर परतीचा प्रकार इंट (पूर्णांक) धरतो, आणि फंक्शन पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत करत असेल तर ६४-बिट यंत्रावर पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जाऊ शकतो. योग्य हेडर जोडा आणि कोणतं सी स्टँडर्ड वापरायचं ते बिल्ड फाइलीत स्पष्ट लिहा, कारण कंपायलरचं डिफॉल्ट बदलत राहतं.

भाषा स्थिर, पण भोवतालचं वाऱ्यावर

जावा ८ वरून ११ वर गेल्यावर जॅक्स-बीचा (एक्सएमएल हाताळणारी जावा लायब्ररी) क्लास सापडत नाही अशी एरर येते. ती लायब्ररी जेडीकेतून (जावाचा विकास-संच) काढली गेली, म्हणून ती स्वतंत्र डिपेंडन्सी (बाहेरून जोडलेली लायब्ररी) म्हणून जोडावी लागते. ८, ११, १७, २१ अशा एकेका पायरीवर थांबा, इशारे शून्यावर आणा, मग पुढे जा. २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं पॅकेज काढलं गेलं आणि असंख्य बिल्ड बंद पडले. म्हणून डिपेंडन्सींचे सोर्स आणि कंपायलरची नेमकी आवृत्ती स्वतःजवळ साठवा, आणि दर सहा महिन्यांनी कोऱ्या मशीनवर, इंटरनेट बंद ठेवून, संपूर्ण बिल्ड करून बघा.