सायनस परत परत का भरतं, आणि नाक घरी नीट कसं धुवायचं

अँटिबायोटिकचा कोर्स झाला की थोडे दिवस बरं वाटतं आणि मग परत तेच, गाल जड, वास येत नाही, घशात मागून शेंबूड उतरतोय. हे १२ आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर त्याला क्रॉनिक सायनुसायटिस, म्हणजे सायनसची (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची) जुनाट सूज म्हणतात, आणि त्यात बऱ्याच जणांच्या नाकात बायोफिल्म सापडते.

म्हणजे काय, तर स्टॅफ ऑरियस किंवा स्यूडोमोनास सारखे बॅक्टेरिया नाकाच्या आतल्या त्वचेला चिकटतात आणि स्वतःभोवती साखरेची लांब रेणू-साखळी, प्रोटीन आणि डीएनए यांचा बुळबुळीत थर करून त्यात राहतात. दातांवर सकाळी जो चिकट थर लागतो तीही बायोफिल्मच. आतले काही बॅक्टेरिया जवळजवळ झोपलेले असतात, वाढतच नाहीत, आणि बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या बॅक्टेरियावरच काम करतात, म्हणून गोळीने सुटे फिरणारे मरतात, त्रास कमी होतो, पण थर तिथेच राहतो आणि त्यातून परत नवे सुटतात. शिवाय शरीर त्या थराशी सतत लढत राहतं म्हणून सूज उतरत नाही. अर्थात प्रत्येकाचं कारण हेच असेल असं नाही, अॅलर्जी, पॉलिप (नाकात वाढणारी मऊ गाठ), दमा हेही बघावं लागतं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परत तेच अँटिबायोटिक आणू नका. शेंबूड पिवळा-हिरवा आहे एवढ्यावरून तर अजिबात नको. रोज करायची गोष्ट म्हणजे नाक धुणं. त्याने थर पूर्ण निघतो असं नाही, पण चिकट शेंबूड, धूळ, सूज वाढवणारे पदार्थ वाहून जातात आणि औषध आतपर्यंत पोचायला वाट होते.

पाण्याबाबत तडजोड नको. नळाचं, बोरचं, प्युरिफायरचं कुठलंही असो, निदान १ मिनिट खळखळ उकळू द्या आणि झाकून कोमट होऊ द्या. अमेरिकेत लुइझियानामधे २०११ साली नळाचं पाणी नाकात घालून २ जण मेंदू खाणाऱ्या अमिबाने गेले होते, तो अमिबा पाणी प्यायल्याने काही करत नाही, नाकातूनच मेंदूत जातो. मीठ १ लिटरला ९ ग्रॅम, वजनकाट्यावर मोजा, आयोडीन नसलेलं घ्या. चिमूटभर खायचा सोडा घातला तर चुरचुर कमी होते. मोजामोजी नको असेल तर मेडिकलमधे तयार पुड्या मिळतात.

बेसिनवर पुढे वाका, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या, नाक धुवायची दाबायची बाटली एका नाकपुडीला लावून हळू दाबा, साधारण अर्धं पाणी एका बाजूने, अर्धं दुसऱ्या. जलनेतीचं भांडं असेल तर तेही चालतं. नंतर एक-एक नाकपुडी हलकी शिंकरा, जोर लावला तर कान दुखतात. नाक पूर्ण चोंदलंय, पाणी जातच नाही, तेव्हा जबरदस्ती करू नका.

बाटली मात्र लोक विसरतात! ओली राहिली तर आतमधे तसाच बुळबुळीत थर धरतो आणि तोच रोज नाकात जातो. दरवेळी साबणाने धुवायची, उकळलेल्या पाण्याने खळबळायची, उलटी ठेवून पूर्ण सुकवायची, आणि काही महिन्यांनी बदलायची.

डॉक्टरांनी स्टेरॉइड स्प्रे दिला असेल तर तो धुतल्यानंतर मारायचा, आधी नाही, नाहीतर वाहून जातो. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, टोक बाहेरच्या बाजूला डोळ्याच्या दिशेने, मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं. फरक पडायला काही आठवडे लागतात. बेबी शॅम्पू, मध वगैरे नाकात घालायचे प्रयोग नेटवर दिसतील, त्यांचे निकाल उलटसुलट आहेत, शॅम्पूने वास जाण्याची तक्रारही आहे, घरी करू नका.

एवढं करूनही फरक नसेल तर ईएनटीकडे (कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे) जाऊन दुर्बिणीने तपासून घ्या आणि विचारा की पू कल्चरला, म्हणजे त्यात कोणते बॅक्टेरिया आहेत ते लॅबमधे वाढवून बघायला, पाठवता येईल का. एकाच बाजूला दुर्गंधीचा पू येत असेल तर वरच्या दाढाही दाखवा, दाढेचं मूळ सायनसच्या तळाला लागूनच असतं. ऑपरेशन झालं तरी धुणं चालूच ठेवायचं, तेव्हाच तर पाणी आतल्या पोकळ्यांत नीट पोचतं. आणि डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, खूप ताप, असह्य डोकेदुखी, किंवा डायबेटिस असताना चेहरा बधिर होणं वा नाकातून काळपट स्राव, यातलं काहीही दिसलं तर नाक धुत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.